विहीर सहा मीटर आत दिसते, म्हणून नोटीस पाठवू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सातबाऱ्यावर आमचं क्षेत्र ९२ आर आहे. एका ॲपमध्ये गावाचा गट नकाशा उपग्रहाच्या चित्रावर टाकून बघितला, तर शेजारी असलेल्या चुलत चुलत्यांची विहीर आमच्या गटात सहा मीटर आत दिसते. मोबाईल हातात धरून शेताला चक्कर मारली, तर ८८ गुंठेच भरले. म्हणजे चार गुंठे त्यांच्याकडे गेले. नोटीस पाठवू का? आणि रोव्हरनं, म्हणजे त्या उपग्रहावर चालणाऱ्या दांडीच्या यंत्रानं मोजणी करून घेतली तर एका दिवसात निकाल लागेल का?"

नोटीस पाठवू नका, निदान आत्ता तरी नाही. मी २४ वर्षं मोजणी आणि नकाशांच्या कामात आहे. सुरुवातीला टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजायचं यंत्र, खांद्यावर टाकून बांधाबांधानं हिंडलो, पुढे संगणकावर नकाशे जुळवायला लागलो, आता दोन्ही करतो. मोबाईलवरची रेषा बघून भावकीत पेटलेली भांडणं अलीकडे इतकी समोर येतात की, हे उत्तर जरा सविस्तर लिहितो. तुमच्या चार गुंठ्यांचा हिशेब बसल्या जागी लागतो, तो आधी लावू. विहिरीचा प्रश्न वेगळा आहे.

सातबाऱ्यावर आकडा हेक्टर आणि आर यांत असतो. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजेच १०१.१७ चौरस मीटर. गावात सगळेच आर आणि गुंठा एकच धरून बोलतात. एक-दोन गुंठ्यांच्या जागेला त्यानं काही बिघडत नाही, पण ९२ आरांचे गुंठे करायला गेलात तर ते ९१सुद्धा पुरते भरत नाहीत. तुमचा एक गुंठा इथेच गेला. तो कोणी घेतलेला नाही, तो कधी नव्हताच.

उरले तीन. तुम्ही पाठवलेल्या चित्रात ॲपनं शेताचा घेर ३९० मीटर दाखवला आहे. आता आठवून सांगा, तुम्ही चाललात कुठून? बांधाच्या माथ्यावरून, की पिकाच्या कडेनं? बांधावर घायपात, बोरी नि गुडघाभर गवत असलं की माणूस आपोआप आतून चालतो. ३९० मीटरच्या फेऱ्यात तुम्ही हद्दीपासून सरासरी अडीच फूट, म्हणजे पाऊण मीटर आतून चालला असाल, तर २९० चौरस मीटर सुटले. ते झाले जवळजवळ तीन गुंठे. चार गुंठ्यांचा हिशेब इथे पुरा होतो, आणि मोबाईलची स्वतःची चूक यात अजून धरलेलीच नाही. तसंच, ९२ आर हे एकूण क्षेत्र आहे की पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, वगळून आहे, तेही सातबाऱ्यावर बघून घ्या.

आता विहीर. तुमच्या स्क्रीनवर एकावर एक तीन गोष्टी ठेवलेल्या आहेत: उपग्रहाचं चित्र, गट नकाशा, आणि तुम्ही उभे असल्याचा निळा ठिपका. तिघांची जात वेगळी आणि तिघांची चूक वेगळी. चित्र उपग्रहानं थोडं तिरकं घेतलेलं असू शकतं. सपाट रानात त्याचा फरक कमी, पण डोंगरउतारावर जमीन चित्रात काही मीटर सरकलेली दिसते. मोबाईलचा ठिपका मोकळ्या आभाळाखाली साधारण पाच मीटरच्या आत बरोबर असतो. झाडाखाली, घराच्या भिंतीशी, विहिरीच्या काठच्या जांभळाखाली तो याहून जास्त भरकटतो. जागेवर न हलता पाच मिनिटं उभे राहून ठिपका बघा, तो तुमच्याभोवती फिरत राहतो हे दिसेल.

आणि तिसरा, गट नकाशा. याच्यावर लोकांचा सगळ्यात जास्त विश्वास बसतो, कारण तो सरकारी असतो. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गावनकाशांचं प्रमाण मैलाला आठ इंच, म्हणजे एक इंचाला ६६० फूट आहे. त्या कागदावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ ओढली, तर जमिनीवर त्या रेघेची रुंदी चार मीटर होते, तेरा फूट. रेघच तेरा फुटांची. असा कागद वर्षानुवर्षं दप्तरात घडी होऊन राहिला, पावसाळ्यात फुगला, उन्हाळ्यात आकसला. मग तो स्कॅन झाला, कोणीतरी माऊसनं त्या रेघांवरून रेघा ओढल्या आणि ॲपनं तो चार-सहा ओळखीच्या ठिकाणांवर ताणून चित्रावर बसवला. ओढ्याचा संगम, देऊळ, रस्त्याचा तिठा अशी ती ठिकाणं असतात. ओढा ऐंशी वर्षांत सरकला असेल, देवळाचा जीर्णोद्धार झाला असेल, रस्ता रुंद झाला असेल. या सगळ्यातून आलेल्या रेषेवर "विहीर सहा मीटर आत" हे वाक्य उभं आहे. सहा मीटर हा या चुकांच्या बेरजेच्या आतला आकडा आहे. विहीर तुमच्या हद्दीत असेलही, नसेलही. ॲपला ते माहीत नाही.

त्या नकाशाला मी दोष देत नाही. कुठला गट कुठल्या गटाला लागून आहे, ओढा कोणाच्या अंगानं जातो, वाट कुठून निघते हे दाखवायला तो काढला आणि ते काम तो आजही चोख करतो. ई-पीक पाहणीत तुम्ही तुमच्याच रानात उभे राहून पिकाचा फोटो काढलात की नाही, हे कळायला चार-पाच मीटरची चूक चालते. कारखान्याला उसाची नोंद घ्यायलाही चालते. बांध ठरवायला चालत नाही.

बांधाचा खरा आकडा गावनकाशात नसतो, तो टिपणात असतो, म्हणजे मूळ मोजणीत एकेका शेताची मापं जिथं लिहिली त्या कागदात. इंदापूर तालुक्यात १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मोजणीची जी पद्धत बसवायला घेतली, ती पुढे मुंबई इलाख्यात पसरली. हेतू शेतसारा ठरवण्याचा होता, मालकीचा दाखला देण्याचा नव्हता, हे लक्षात ठेवा. पण मोजणी कष्टानं केलेली आहे. ३३ फुटांची शंकुसाखळी, तिचे १६ भाग, त्याला आणे म्हणायचं. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. हा ३३चा आकडा त्या साखळीतूनच आपल्या तोंडी बसला आहे.

टिपणाची नक्कल हातात घेतलीत तर पहिल्यांदा काही कळणार नाही. शेताचं एक ओबडधोबड चित्र, त्यात एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेलेली आधाररेषा, तिच्यावरून दोन्ही बाजूंना बांधाच्या वळणांपर्यंत काढलेले लंब, आणि प्रत्येकावर बारीक आकडे. समजा एका बाजूवर ५ साखळ्या ९ आणे लिहिलं आहे. पाच साखळ्यांचे १६५ फूट, नऊ आण्यांचे साडेअठरा फूट, एकूण साडे १८३ फूट, म्हणजे ५६ मीटरला चार-पाच सेंटिमीटर कमी. हा आकडा कागद आकसला म्हणून बदलत नाही, स्कॅन केला म्हणून सरकत नाही. त्यातही एक आणा दोन फुटांहून किंचित मोठा असतो, त्यामुळे आकडा आण्यापर्यंतच लिहिला असेल तर फूटभर ढिलाई मुळातच आहे. तरी तेरा फुटांच्या रेघेपेक्षा तो कितीतरी भरवशाचा.

तुमच्या गावात एकत्रीकरण, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडून गट पाडण्याचं काम, झालं असेल, तर आणखी एक पायरी चढावी लागेल. तुमचा गट कुठल्या जुन्या सर्व्हे नंबरांचे कुठले हिस्से जोडून झाला, ते आधी काढायचं आणि मग त्या सर्व्हे नंबरांची टिपणं, फाळणी, म्हणजे त्यांचे पोटहिस्से पडले असतील तर त्याचे नकाशे मागायचे. ही कागदपत्रं तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात रीतसर नक्कल अर्ज केला की मिळतात. वकिलाकडे जाण्याआधी हा खर्च करा, तो थोडक्यात होतो.

एक माझ्या उमेदीतली गोष्ट सांगतो, कारण तुमच्या ॲपमध्ये जे झालंय त्याचंच ते मोठं रूप होतं. पाण्याच्या पाइपलाइनचा मार्ग आखायचं काम आमच्याकडे होतं. आधाराला जुने स्थलदर्शक नकाशे घेतले, त्यावर मार्ग काढला आणि ते अक्षांश-रेखांश जीपीएसमध्ये भरून रानात खुंट्या मारत सुटलो. जुने नकाशे पृथ्वीच्या ज्या आकारावर बेतलेत तो जॉर्ज एव्हरेस्ट या मोजणी अधिकाऱ्याचा, १८३० सालचा, आणि त्याचा आरंभबिंदू मध्य प्रदेशात कल्याणपूरला. जीपीएस चालतं ते जगभरच्या वेगळ्या आधारप्रणालीवर. एकाचे आकडे न बदलता दुसऱ्यात टाकले, तर आपल्या भागात जागा शंभर मीटरहून जास्त सरकते. संगणकानं कुठे लाल दिवा लावला नाही. दोन्ही आकडे अंश-कला-विकलांतच होते, दिसायला सारखेच.

तिसऱ्या दिवशी एका आंब्याच्या बागेत खुंटी मारताना बागेचे मालक, सत्तरीचे असतील, शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमच्या कागदावर ओढा कुठाय ते एकदा दावा." मी दाखवला. कागदावर ओढा आम्हाला डाव्या हाताला जवळ असायला हवा होता. प्रत्यक्षात तो उजवीकडे, लांब, करंजाच्या रांगेमागे होता. तीन दिवसांच्या खुंट्या उपटल्या. तेव्हापासून कुठलंही काम सुरू करताना मी पहिला तास यंत्र बंद ठेवतो आणि गावातल्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन शीव फिरतो. नकाशात जे आहे ते रानात कुठे आहे, हे त्यांच्या तोंडून ऐकतो. ती सवय मला कुठल्या पुस्तकानं लावली नाही.

रोव्हरबद्दल तुम्ही विचारलंत. यंत्र उत्तम आहे. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून आलेल्या लहरीला किती वेळ लागला, यावरून ते अंतर काढतं. सेकंदाच्या अब्जांश भागाची चूक झाली तरी जमिनीवर एक फुटाचा फरक पडतो. म्हणून सर्व्हे ऑफ इंडियानं राज्यभर कायम चालू राहणारी केंद्रं उभारली आहेत. त्या केंद्रांना स्वतःची जागा आधीच अचूक माहीत असते, त्यामुळे या क्षणी उपग्रह किती चुकवतायत ते त्यांना कळतं, आणि ती दुरुस्ती मोबाईलच्या नेटवरून रोव्हरला मिळते. दांडीचा बुडबुडा मध्यावर आणायचा, पडद्यावर 'फिक्स', म्हणजे जागा पक्की झाली, असं येऊ द्यायचं आणि बिंदू घ्यायचा. दोन-तीन सेंटिमीटरमध्ये जागा मिळते. 'फ्लोट', म्हणजे जागा अजून अंदाजे, असं दिसत असताना घेतलेला बिंदू टाकून द्यायचा. आंब्याखाली किंवा उंच उसाच्या सरीत बऱ्याचदा फ्लोटच राहतं, तिथं मोकळ्यावरचे दोन पक्के बिंदू धरून टेपनं किंवा टोटल स्टेशननं जावं लागतं. तुमच्या विहिरीपाशी झाड असेल तर मोजणीच्या दिवशी याकडे लक्ष ठेवा, आणि पडद्यावर काय दिसतंय ते खुशाल विचारा.

पण रोव्हर सांगतो तो दांडीचं टोक कुठे आहे ते. दांडी कुठे टेकवायची, ते त्याला कोण सांगणार?

हद्द कायम मोजणी प्रत्यक्षात कशी होते ते ऐका. भूकरमापक आधी तुमचे आणि आजूबाजूच्या गटांचे आज दिसणारे बांध, जुने दगड, शिवेच्या खुणा मोजून घेतो. ही झाली वहिवाट. मग अभिलेखातला नकाशा त्यावर ठेवून बघतो की कुठले कोपरे एकमेकांशी जुळतात. जे जुळतात ते जुने, न हललेले असं धरून त्यांच्या आधारानं न जुळणारी रेषा ठरवतो. सगळी कला या जुळवणीत आहे. पूर्वेचे चार कोपरे पक्के धरले तर तुमचा बांध एका जागी येतो, पश्चिमेचे धरले तर तो दीड-दोन मीटर इकडे-तिकडे होऊ शकतो. एकाच गटाच्या दोन मोजण्या वेगळ्या का येतात, याचं उत्तर बहुतेक वेळा इथं असतं. लाच, दबाव वगैरे लोक पहिल्यांदा बोलतात ते प्रत्येक वेळी खरं नसतं. यंत्र जितकं अचूक, तितकी ही निवड जास्त उघडी पडते. म्हणून 'क' प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा नकाशा, हातात आल्यावर फक्त क्षेत्र बघू नका. वहिवाटीची रेषा आणि अभिलेखाची रेषा वेगळ्या दाखवल्यात का ते बघा, आणि जुळवणीला कुठल्या खुणा धरल्या ते विचारा. पटलं नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागायचा तुमचा हक्क आहे. ती मागताना "मला कमी भरलं" एवढंच लिहू नका, "अमुक दगड विचारात घेतला नाही" असं लिहा. त्यानं अर्जाला वजन येतं.

म्हणजे एका दिवसात निकाल लागेल का? यंत्राचं काम दोन तासांत उरकेल. खुणा सापडण्यावर बाकीचं अवलंबून.

गावठाणाची ड्रोन मोजणी तुमच्या गावात झाली असेल तर आठवून बघा. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात आपल्याकडे त्याचा पहिला प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेत आधी काही राज्यांत आणि २४ एप्रिल २०२१ पासून देशभर ते काम सुरू झालं. ड्रोन उडवण्याआधी काय करतात? घराघरांच्या हद्दींवर चुना टाकतात. ग्रामपंचायतीची माणसं, भूमी अभिलेखचे कर्मचारी आणि दोन्ही बाजूंचे घरमालक समोरासमोर उभे राहतात, "इथून तुमचं, इथून माझं" म्हणतात आणि पांढरी रेघ ओढली जाते. ड्रोन वरून त्या रेघेचा फोटो काढतो. तो नकाशा १:५०० प्रमाणाचा असतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ सेंटिमीटरची. तेरा फुटांवरून एका वितीवर आलो, ही फार मोठी गोष्ट आहे. पण हद्द ठरली ती चुना टाकताना. जिथं चुना घाईत पडला, किंवा घरमालक मुंबईला होता आणि शेजाऱ्यानंच रेघ दाखवली, तिथं चूकही तितक्याच अचूकतेनं मिळकत पत्रिकेवर गेली. शिवाय ड्रोनला वरून भिंत दिसत नाही, पत्रा दिसतो. भिंतीच्या बाहेर दोन-अडीच फूट आलेली वळचण असली, तर छपराची कड हीच भिंत समजली जाऊ नये यासाठी खाली उतरून बघणारं माणूस लागतं. वळचणीच्या पाण्यावरून किती पिढ्या भांडल्यात, हे वेगळं सांगायला नको.

तुमच्याकडे शेतात चुना टाकण्याची वेळ अजून आलेली नाही, आणि ती नोटिशीनं येणार नाही. नोटीस गेली की चुलते खुणा दाखवायचे थांबतील. जुना दगड कुठल्या बोरीच्या बुडाशी गाडला गेलाय हे त्यांना माहीत असेल, तर ते सांगणार नाहीत. त्यांच्या वयाच्या माणसांबरोबर ही माहिती संपत चालली आहे, आणि ती कुठल्याच ॲपमध्ये नाही. मला या कामात सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती याची.

म्हणून आता असं करा. विहिरीचा कागद आधी बघा. तुमचा आणि त्यांचा, दोघांचाही जुना हस्तलिखित सातबारा काढा, जितका मागचा मिळेल तितका. इतर हक्कात "विहिरीत निम्मा हिस्सा" किंवा "विहीर समाईक" अशी ओळ आहे का बघा. गाव नमुना बारामध्ये पाण्याच्या साधनाच्या रकान्यात कोणत्या वर्षापासून विहीर दिसते तेही बघा. भावकीतल्या जमिनी असल्यानं वाटपाचा फेरफार असणारच, त्यात विहिरीचं काय ठरलं ते लिहिलेलं असू शकतं. असं काही निघालं तर ती हद्दीच्या कुठल्या बाजूला आहे, या प्रश्नाला फारसा अर्थच उरत नाही. माझ्याकडे आलेल्या विहिरींच्या भांडणांत आधी हेच बघायचं राहून गेलेलं असतं.

मग टिपणाची नक्कल घेऊन चुलत्यांकडे जा. मोबाईल खिशात राहू द्या. त्यांना विचारा, विहीर कोणी पाडली, तेव्हा बांध कुठं होता, दगड कुठं होते. मोजणीचा अर्ज ऑनलाइन करायचा असेल तर दोघांच्या संमतीनं करा. तारीख ऊस किंवा ज्वारी उभी असतानाची घेऊ नका, रान मोकळं असतानाची घ्या. त्या दिवशी कोपऱ्यांवरची झुडपं आधी साफ करून ठेवा आणि जाणती माणसं बोलवा. खुणा रोवल्या की त्याच दिवशी विहिरीच्या कठड्यापासून प्रत्येक खुणेचं अंतर टेपनं मोजून वहीत लिहा. नुसत्या अक्षांश-रेखांशावर विसंबू नका. आपला सगळा भूखंडच वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतोय, वीस वर्षांत मीटरभर. म्हणून आकड्यांबरोबर कुठली आधारप्रणाली आणि ती कुठल्या सालची, हे लिहावं लागतं, आणि घरच्या वहीत ते कोणी लिहीत नाही. कठडा आणि दगड मात्र बरोबरीनं सरकतात, त्यांच्यातलं अंतर तेच राहतं. त्या वहीवर चुलत्यांची सही घ्या, तुमची करा, आणि एक नक्कल त्यांच्या घरी ठेवा.

वाटपाचा फेरफार सापडला की त्यातली विहिरीची ओळ मला कळवा. ती वाचल्यावर मोजणी लागणारच आहे का, ते सांगतो.